विक्रोळीहून वणी आणि त्र्यंबकेश्वर: दोन दिवसांत काय बसतं, काय नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. विक्रोळीहून शनिवारी पहाटे निघायचं, त्याच दिवशी त्र्यंबकेश्वर करून नाशिकला मुक्काम. रविवारी सकाळी वणीची देवी, तिथून शिर्डी आणि रात्री घरी. गाडी स्वतःची, सात सीटर, सीएनजीवरची. चालवणार तुमचे मिस्टर. सोबत सासरे (वय ७४, गुडघे दुखतात), सासूबाई (वय ६८, देवीची ओटी भरायची आहे) आणि सहा वर्षांची मुलगी, जिला घाटात गाडी लागते. हे जमेल का?

वणी आणि त्र्यंबक जमेल. शिर्डी काढून टाका. आणि क्रम उलटा करा: शनिवारी आधी वणी, मुक्काम नाशिकला नाही तर त्र्यंबकेश्वरात, रविवारी पहाटे त्र्यंबकराजाचं दर्शन आणि दुपारी दोन-अडीचपर्यंत घरी. मुंबईतून टुरिस्ट गाड्या सोडणं हाच माझा धंदा, आणि अजूनही मी महिन्यातून काही वेळा स्वतः स्टिअरिंगवर बसतो. तुमच्यासारखं कुटुंब असलं की मी ही सहल अशीच लावतो. का, ते सांगतो.

शिर्डीचं आधी. विक्रोळी ते नाशिक साधारण दीडशे किलोमीटर, नाशिक ते सप्तशृंगी गड, म्हणजे वणीची देवी, साठ-पासष्ट, गडावरून शिर्डी सव्वाशेच्या घरात, आणि शिर्डीहून मुंबई अडीचशेच्या आसपास. म्हणजे रविवारी एकट्या ड्रायव्हरला गड चढून-उतरून, दोन देवळांच्या रांगा लावून सव्वाचारशेच्या वर किलोमीटर गाडी हाकायची. कागदावर हे बसतं, कारण मॅपमध्ये रांगेचा वेळ नसतो. रविवारी दुपारी शिर्डीत पोचलेलं कुटुंब संध्याकाळी कधी मोकळं होईल हे कोणी सांगू शकत नाही. मग रात्री दहा वाजता पेंगुळलेला माणूस भिवंडीच्या कंटेनरांमधून गाडी काढतोय, मागे सगळे झोपलेत, हे दृश्य आमच्या धंद्यात सगळ्यांच्या ओळखीचं आहे. शिर्डी ही तुमच्या मिस्टरांची भर असावी असा माझा अंदाज. त्यांना सांगा, साईबाबांसाठी वेगळा दिवस काढू. सीएसएमटीहून सकाळची वंदे भारत थेट साईनगर शिर्डीला जाते. सासऱ्यांच्या गुडघ्यांनाही तो प्रवास गाडीपेक्षा सोपा.

आता क्रम. बहुतेक मुंबईकर त्र्यंबक आधी धरतात, कारण ते जवळ. पहाटे निघाले की सगळे नऊ ते अकराच्या मध्ये त्र्यंबकला पोचतात, त्यात नाशिककरांची भर, आणि रांग फुगते ती नेमकी त्या वेळेला. गडावरची गर्दी साध्या शनिवारी तुलनेने सुसह्य असते, तिथे दहा-साडेदहाला पोचलात तरी बिघडत नाही. म्हणून माझा हिशेब असा: जे लांब आहे ते ताज्या अंगाने पहिल्या दिवशी उरकायचं, आणि ज्या देवळात रांग मोठी त्या गावात झोपायचं. त्र्यंबकेश्वराचं मंदिर पहाटे साडेपाचला उघडतं. गावातच मुक्काम असेल तर पाच वाजता तुम्ही रांगेत. नाशिकहून यायचं तर तीस किलोमीटर, पाच जणांच्या आंघोळी आणि चहा धरून साडेसात कुठेच गेले नाहीत. या दोन-अडीच तासांवर अख्खा रविवार ठरतो.

तारीख निवडताना पंचांग बघा. श्रावणात, विशेषतः श्रावणी सोमवारी, वयस्कर माणसांना घेऊन त्र्यंबकला जाऊ नका. तिसऱ्या सोमवारी तर ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी लोक रात्रीपासून गावात असतात. महाशिवरात्र, नाताळाचा आठवडा आणि शनिवार-रविवारला चिकटून आलेली कुठलीही सुट्टी टाळा. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांची यात्रा असते, दिंड्या येतात, गाव वारकऱ्यांनी भरतं. ते पाहायला जायचं असेल तर वेगळ्या तयारीने जावं. वणीचं म्हणाल तर नवरात्र आणि चैत्रोत्सव. चैत्रात खानदेशातून, धुळे-जळगावकडून, पायी येणाऱ्यांची रीघ लागते. या दोन्ही उत्सवांत खासगी गाड्या गडाच्या पायथ्याशी, नांदुरीतच थांबवतात आणि वर एसटीने जावं लागतं. सासऱ्यांना एसटीच्या दारात रेटारेटी करायला लावण्यात अर्थ नाही. एरवी मंगळवार-शुक्रवार हे देवीचे वार, तेव्हा थोडी जास्त गर्दी. मिस्टरांना बुधवार-गुरुवारची रजा मिळत असेल तर मी डोळे मिटून ती घ्यायला सांगेन. आणि २०२७चा सिंहस्थ कुंभमेळा लक्षात ठेवा. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ला आहे. त्याच्या तयारीची कामं नाशिक आणि त्र्यंबकच्या रस्त्यांवर निघतात, त्यामुळे मॅपने दाखवलेल्या वेळेत अर्धा-पाऊण तास स्वतःचा मिळवा.

त्र्यंबकची खोली तारीख ठरली की लगेच बुक करा, आणि ती कुठे घ्यायची तेही बघून. मंदिरापासून चालत पाच-सात मिनिटांच्या आत हवी, तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत हवी, आणि पहाटे चारला गरम पाणी मिळतं का हे फोनवर विचारून घ्या. "सोलर आहे" असं उत्तर आलं तर पावसाळ्यात आणि थंडीत त्याचा अर्थ गार पाणी असा धरा. गाडी आवारात लावता येते का हेही तेव्हाच विचारा.

आदल्या दिवशीची कामं थोडी, पण ती आदल्या दिवशीच करायची. सीएनजी शुक्रवारी रात्री भरून ठेवा. पहाटेही पंपावर रिक्षा-टॅक्सींची रांग असते, आणि भरताना सगळ्यांना गाडीतून उतरावं लागतं. झोपेतून उठवलेल्या सासूबाईंना पाऊण तासात दुसऱ्यांदा खाली उतरवायचं नाही. पेट्रोलही निदान अर्धी टाकी ठेवा, ते घाटात लागणार आहे. टायरची हवा थंड टायरला मोजा. स्टेपनीची पण मोजा, ती कोणी बघत नाही. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना ते तपासा, कारण नोव्हेंबर २०२५पासून चालू फास्टॅग नसेल तर रोखीत दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल पडतो. पीयूसी आणि सिलिंडरच्या तपासणीची तारीखही बघा. हायवेवर पोलिसाने अडवलं की याच दोन गोष्टी निघतात. आणि जो चालवणार आहे तो रात्री नऊला झोपला पाहिजे. बॅगा भरायला त्याला जागवू नका.

सीएनजीच्या सिलिंडरने डिकी खाल्लेली असते, त्यामुळे सामानाचं गणित नीट करा. मोठ्या बॅगेपेक्षा तीन-चार मऊ पिशव्या बऱ्या, मागच्या सीटखाली आणि कडेला बसतात. सासऱ्यांना पुढे बसवा. पाय लांब करता येतात आणि उतरायला सोपं पडतं. मुलीला मधल्या रांगेत, खिडकीशी. मागच्या रांगेत घाटाचे झोके सगळ्यात जास्त बसतात, तिथे तिला चुकूनही नाही. देवीची ओटी, म्हणजे खण, नारळ, साडी, हळदकुंकू, घरूनच एका वेगळ्या पिशवीत बांधून घ्या. गडावर सगळं मिळतं, पण दुकानदारांच्या गराड्यात सासूबाईंना मनासारखी साडी निवडता येणार नाही.

साडेचारला निघा. पाचला निघालात तर अर्धा तास नाही, तासभर जातो. मुलुंडच्या टोलनाक्यावर ऑक्टोबर २०२४पासून छोट्या गाड्यांना टोल नाही, तिथे सरळ निघा. खरी परीक्षा माजिवड्यापासून वडप्यापर्यंत: खारेगाव, माणकोली, रांजणोली. भिवंडीची गोदामं जागी झाली की या पट्ट्यात ट्रक एकमेकांना चिकटून उभे असतात, आणि रुंदीकरणाच्या कामामुळे लेन कुठे आत-बाहेर होतील सांगता येत नाही. सव्वापाच-साडेपाचपर्यंत रांजणोली मागे टाकलीत की पुढचं सोपं आहे.

भिवंडीच्या पुढे दोन पर्याय. जुना नाशिक हायवे, म्हणजे पडघा, शहापूर, खर्डी, कसारा घाट, इगतपुरी. किंवा आमण्याहून समृद्धी महामार्ग. समृद्धीचा आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला सुरू झाला, आणि त्यातल्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट पूर्ण टळतो. तुमच्या मुलीसाठी जाताना समृद्धीच घ्या. पावसाळ्यात कसाऱ्याच्या धुक्यात ट्रकच्या मागच्या लाल दिव्यावर नजर लावून चढण्यापेक्षा तर नक्कीच. टोल किलोमीटरला दोन रुपयांच्या आसपास बसतो. एक लक्षात घ्या, वार्षिक फास्टॅग पास राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, पडघा-घोटीला चालतो, समृद्धीवर चालत नाही. या टप्प्यात चहा किंवा स्वच्छतागृह मिळेलच असं धरून जाऊ नका. बाईमाणसांची आणि सासऱ्यांची सोय भिवंडीच्या आधीच्या एखाद्या मोठ्या पंपावर करून घ्या. वेगमर्यादा १२० असली तरी भरलेली सात सीटर गाडी काँक्रीटवर नव्वदच्या वर नेण्यात मला शहाणपण दिसत नाही. टायर तापतो, आणि त्या सरळ रस्त्यावर डोळाही लागतो. माझ्या ड्रायव्हरांना मी कसारा घाटाइतकीच समृद्धीची काळजी घ्यायला सांगतो.

इगतपुरीला बाहेर पडलात की घोटी, आणि तिथे चहा-नाश्ता. मुलीला तेलकट देऊ नका. इडली, केळं किंवा घरची दशमी. वडापाव आणि मिसळ मोठ्यांनी, तीही परतीच्या वाटेवर. पुढे गड आहे हे विसरायचं नाही. तिच्यासाठी आवळासुपारी, आल्याची वडी, रिकाम्या पिशव्या हाताशी ठेवा, आणि डॉक्टरांनी उलटीचं औषध दिलं असेल तर ते घाटाच्या पायथ्याशी नाही, अर्धा-पाऊण तास आधी द्यायचं असतं. म्हणजे नाशिक सोडतानाच.

नाशिकला उड्डाणपुलावरून शहर ओलांडता येतं. पुढे गडाला दोन वाटा आहेत: दिंडोरीवरून वणी, किंवा आग्रा हायवेने पिंपळगाव बसवंतपर्यंत जाऊन तिथून वणी. मी दिंडोरीची वाट धरतो. अंतर कमी, दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे, आणि जानेवारी ते मार्चमध्ये रस्त्याच्या कडेला ताजी द्राक्षं घेता येतात. पिंपळगावची वाट रुंद आहे, पण टोमॅटोच्या हंगामात, साधारण ऑगस्टनंतर, तिथल्या बाजाराच्या आसपास क्रेट लादलेल्या पिकअपच्या रांगा लागतात. वणी गाव आणि देवीचा गड यांत गल्लत करू नका. आपण म्हणतो "वणीची देवी", पण मॅपवर नुसतं वणी टाकलंत तर तो तुम्हाला गावच्या बाजारात नेऊन सोडेल. "सप्तशृंगी गड" टाका. पायथ्याचं गाव नांदुरी, तिथून दहा किलोमीटरचा घाट.

हा घाट हलका घेऊ नका. वळणं आवळ आहेत, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, आणि पावसाळ्यात दगड सुटतात. जुलै २०२३मध्ये याच घाटात एसटी दरीत गेली होती. नांदुरीत गाडी सीएनजीवरून पेट्रोलवर घ्या. भरलेल्या गाडीला सीएनजीवर चढाला दम लागतो आणि नेमकी वळणावर गाडी मार खाते. एसी बंद केलात तर आणखी बरं, काचा उघडल्यावर मुलीलाही हवा लागते. खरी काळजी उतरताना. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, दुसऱ्यात, कधी पहिल्यात, आणि ब्रेक दाबून धरायचा नाही, मारून सोडायचा. न्यूट्रल टाकून गॅस वाचवणारे मी पाहिलेत, त्यांच्या शेजारी बसायची माझी तयारी नाही. ब्रेकचा जळका वास आला तर जागा बघून थांबा, दहा-पंधरा मिनिटं चाकं गार होऊ द्या, आणि त्यांवर पाणी ओतू नका. वर येणाऱ्या गाडीला वाट द्या आणि प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवा. इथे मुंबईचा संकोच नको.

गडावर पोचलात की दोन मार्ग: पाचशेच्या आसपास पायऱ्या, किंवा फनिक्युलर ट्रॉली. रुळांवरून डोंगराला चढणारी ही ट्रॉली २०१८पासून चालू आहे आणि काही मिनिटांत वर नेते. गुडघ्यांसाठी दुसरा विचारच नको. फक्त दोन गोष्टी. ट्रॉली अधूनमधून देखभालीसाठी बंद असते, तसं आधी जाहीर करतात, म्हणून निघायच्या दोन दिवस आधी चौकशी करा. बंद असेल तर तारीख बदला, सासऱ्यांना "हळूहळू चढू" म्हणून पायऱ्यांवर घालू नका. दुसरं, ट्रॉलीतून उतरल्यावरही थोडं चालणं आणि काही पायऱ्या राहतातच. तिथे त्यांचा हात कोणी धरायचा हे आधी ठरवा. माकडं खूप आहेत. ओटीतला नारळ, मुलीच्या हातातला बिस्किटाचा पुडा त्यांना लांबून दिसतो. ओटीची पिशवी छातीशी धरा, काही खायला बाहेर काढू नका.

दर्शनाला समोर आल्यावर माणूस घाईत पाया पडतो आणि पुढे ढकलला जातो, म्हणून मुलीला आधीच सांगून ठेवा काय बघायचं ते. कातळात कोरलेली आठ-दहा फुटांची मूर्ती, अठरा हात, प्रत्येक हातात देवांनी दिलेलं वेगळं आयुध, आणि मान किंचित एका बाजूला कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगत बसले आणि देवी कान देऊन ऐकत राहिली, म्हणून ती मान तशी, असं सांगतात. तो मार्कंडेयाचा डोंगर बाहेर आल्यावर समोर दिसतो, तोही दाखवा. पूर्वी मूर्तीवर शेंदराचे जाड थर होते, २०२२मध्ये ते काढले आणि मूळ रूप समोर आलं. सासूबाईंनी जुन्या काळी दर्शन घेतलं असेल तर त्यांना देवी वेगळी वाटेल, तेही आधीच सांगा. साडेतीन शक्तिपीठांतलं हे अर्धं पीठ. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन पूर्ण. मुलीने "अर्धं का?" विचारलं तर उत्तर सासूबाईंवर सोपवा, प्रत्येक घरात वेगळं आहे.

जेवण देवस्थानच्या प्रसादालयात करा. साधं, गरम, आणि हॉटेलात ताटकळत बसण्यापेक्षा लवकर होतं. जेवल्याबरोबर घाट उतरू नका, मुलीसाठी अर्धा तास जाऊ द्या. अडीचपर्यंत उतरायला लागलात की पाच-साडेपाचला त्र्यंबक. वाटेत नाशिकमध्ये पंचवटी आहे, काळाराम मंदिर आहे, रामकुंड आहे, आणि मोह होणार. शनिवारी संध्याकाळी त्या गल्ल्यांत गाडी घालणं म्हणजे तास-दीड तास गेला. सासरे ताजेतवाने असतील तरच, आणि गाडी बाहेर लावून रिक्षाने. नाहीतर सीएनजी भरा आणि सातपूरवरून सरळ त्र्यंबक रस्त्याला लागा. वाटेत अंजनेरीचा डोंगर दिसेल, हनुमानाचं जन्मस्थान मानतात. गाडीतूनच नमस्कार करा.

त्र्यंबकच्या तोंडाशी तुमच्या गाडीची एमएच-०३ची, म्हणजे मुंबईची, नंबरप्लेट दिसली की दुचाकीवर एखादा मुलगा गाडीशेजारी येईल. "पूजा आहे का? पार्किंग आहे, चला मागे." काच खाली न करता पुढे जा. पार्किंगचे पैसे मागितले तर छापील पावती मागा, पावतीवर रक्कम वाचा, मग द्या. पूजेबद्दल एकच सांगतो: नारायण नागबळी, कालसर्प, त्रिपिंडी हे विधी करायचे असतील तर त्यासाठी वेगळं यावं. नागबळीला तीन दिवस लागतात, दर्शनाच्या फेरीत तो बसत नाही. ते घरात ठरलं असेल तर ताम्रपत्रधारी, म्हणजे पिढीजात हक्काचा ताम्रपट असलेल्या, पुरोहितांकडेच जा, आणि दक्षिणेचं, साहित्याचं, जेवणाचं सगळं आधी बोलून घ्या. रस्त्यावर भेटलेल्या माणसाने तुमच्या पत्रिकेत दोष काढला तर तो दोष गाडीच्या नंबरप्लेटवरून काढलेला असतो.

रविवारी साडेतीनला उठा. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून सगळ्यांचे फोन खोलीतच राहू द्या. खोली जवळ असल्याने चपलाही तिथेच ठेवता येतात. डिसेंबर-जानेवारीत त्या वेळेला दगडी फरशी पायाला झोंबते, सासऱ्यांना जाड मोजे घालायला द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी सांगत नाही: रांगेत शिरण्याआधी सगळ्यांनी, विशेषतः सासऱ्यांनी, लघवीला जाऊन यायचं. लोखंडी कठड्यांच्या त्या वळणावळणाच्या रांगेत एकदा मधोमध अडकलात की मागे फिरणं अवघड. त्यांना लघवी जास्त होणारी बीपीची गोळी चालू असेल तर त्या दिवशी तिची वेळ काय ठेवायची हे डॉक्टरांना विचारून घ्या. रांगेत त्यांना कठड्याच्या बाजूने उभं करा, हात टेकायला मिळतो. मुलीच्या खिशात दोन खडीसाखरेचे खडे पुरतात.

दोनशे रुपयांचं देणगी दर्शन आहे, देवस्थानच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. बाहेर "लगेच सोडतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. देणगी दर्शनालाही रांग असतेच, ती लहान असते इतकंच. पहाटे पाचला उभं राहायची तयारी असेल तर मला तो खर्चही गरजेचा वाटत नाही. पण सासऱ्यांचा आदल्या दिवशीचा थकवा बघा आणि ठरवा. तुमचे दोनशे वाचण्यापेक्षा त्यांचा गुडघा वाचलेला बरा.

गाभाऱ्यात सगळ्यांना सोडत नाहीत, दर्शन बाहेरूनच. समोर आलात की सरळ खाली बघू नका, गडबडीत काही दिसत नाही. पिंडीच्या वर आरसा लावलेला आहे, त्यात बघा. इथे इतर ज्योतिर्लिंगांसारखी वर आलेली पिंड नाही. खोलगट जागा आहे आणि तीत अंगठ्याएवढी तीन लिंगं, ब्रह्मा, विष्णू, महेश. पाण्यात बुडालेली असतात. सासूबाईंना आरशाचं आधी सांगा, नाहीतर "मला काही दिसलंच नाही" हे वाक्य मुंबईपर्यंत ऐकावं लागेल. बाहेर आल्यावर मात्र घाई नको. नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधकाम सुरू झालेलं हे काळ्या पाषाणाचं मंदिर उजाडताना बाहेरून बघण्यासारखं आहे. देवळाला वळसा घाला, मुलीला भिंतीवरचे हत्ती-घोडे मोजायला लावा.

तिथून कुशावर्त कुंड चालत जवळ आहे. पायऱ्या शेवाळलेल्या आणि निसरड्या असतात, सासऱ्यांनी काठावर थांबावं, तुम्ही तांब्यात पाणी आणून त्यांच्या हातावर घाला. ब्रह्मगिरी आणि गंगाद्वार या फेरीत नाही. शेकडो पायऱ्या आहेत आणि "इतक्या लांब आलोच आहोत तर" हा विचार गुडघ्यांना परवडणारा नाही.

साडेनऊ-दहाला नाश्ता करून निघा. घोटीला जायला पहिने-वैतरणा असा एक आतला रस्ता आहे, नाशिकला न शिरता थेट हायवेला लावतो. एरवी सुरेख, अरुंद पण शांत. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तो रस्ता पूर्ण टाळा. पहिन्याच्या धबधब्यांपाशी गाड्या दोन्ही बाजूंना लावलेल्या असतात, मधे भिजणारी पोरं, आणि पोलिसांनी कुठे अडवलं तर वळायलाही जागा नाही. तेव्हा नाशिकच्या बाजूने विल्होळीला येऊन हायवे धरा, दहा-पंधरा किलोमीटर जास्त पडले तरी चालतील. मिसळ खायची राहिली असेल तर ती याच टप्प्यात, नाशिककडून आलात तर.

रविवारी दुपारी एकच्या आत घोटी ओलांडणं हे दुसऱ्या दिवसाचं खरं लक्ष्य. चारनंतर इगतपुरी, भंडारदरा, नाशिक, शिर्डी, सगळीकडचे मुंबईकर एकाच वेळी परत निघतात आणि पडघ्यापासून माजिवड्यापर्यंत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच राहते. परतताना समृद्धी घेतलीत तरी आमण्यानंतर तुम्ही त्याच गर्दीत येता, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

मिस्टरांना दोन दिवसांत पावणेपाचशे-पाचशे किलोमीटर चालवायचा सराव नसेल, किंवा घाटाचा हात नसेल, तर ड्रायव्हर घ्या. स्वतःच्या गाडीवर बदली ड्रायव्हर घेतलात तर त्याच्या झोपायची सोय तुम्ही करायची, गाडीत झोपवलेला माणूस रविवारी घाट उतरवणार आहे हे लक्षात ठेवून. भाड्याची गाडी घेतलीत तर पिवळ्या पाटीचीच, म्हणजे टुरिस्ट परवान्याचीच घ्या. पांढऱ्या पाटीची "ओळखीतली" स्वस्त गाडी अपघात झाला की विम्याला महाग पडते. आणि ठरवताना किलोमीटरचा दर, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता आणि गड चढायचा आहे, हे पाचही मुद्दे मेसेजवर लिहून घ्या. शेवटचा मुद्दा गाळला तर नांदुरीला पोचल्यावर "वर जायचे वेगळे" हे ऐकायची तयारी ठेवा.